औषध तेच, वाट निराळी

१९९६ च्या सुमारास मी एम.डी.चा निवासी डॉक्टर असताना आमच्या बालविभागात रक्ताच्या कर्करोगाची नऊ वर्षांची एक मुलगी दाखल होती. केमोथेरपीने तिच्या पांढऱ्या पेशी पार खाली आल्या आणि रक्तात बुरशीचा संसर्ग पसरला. त्यावर खात्रीचे असे एकच औषध हाताशी होते, ॲम्फोटेरिसिन-बी. डेक्स्ट्रोजमधून ते सुरू केले की अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरे, ताप चढे, आणि ती मुलगी आईचा हात घट्ट धरून दात वाजवीत पडून राही. आम्ही ब्लँकेट आणि हायड्रोकॉर्टिसोन तयार ठेवूनच ते लावीत असू. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन वाढू लागले. मात्रा कमी करावी तर बुरशी बळावते आणि वाढवावी तर मूत्रपिंडे रुसतात, अशा कात्रीत दोन आठवडे गेले. ती मुलगी वाचली नाही.

आज तेच औषध मी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांनाही देतो. तेव्हा किलोमागे एक मिलिग्रॅम देताना हात कचरत असे. आता तीन ते पाच मिलिग्रॅम देऊनही मूत्रपिंडे बहुधा शाबूत राहतात. औषधाच्या रेणूत एका अणूचाही फरक झालेला नाही. फरक इतकाच, की तो रेणू आता मेदद्रव्याच्या गोलकात बांधून येतो आणि बाजारातील प्रचलित औषधात त्या गोलकाचा व्यास शंभर नॅनोमीटरहूनही कमी असतो. (याच प्रकारचे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन आपल्या देशात तयार व्हावे म्हणून मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी पुष्कळ काम केले, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.) २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत याच औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईकांनी केलेली वणवण आपणा सर्वांच्या स्मरणात असेलच.

आपण वैद्यक शिकतो तेव्हा औषध म्हणजे रेणू, त्याची मात्रा आणि त्याचे दुष्परिणाम असे शिकतो. तो रेणू शरीरात कोणत्या वाटेने जातो, कोठे थांबतो, किती काळ टिकतो, हे औषधशास्त्राच्या एका प्रकरणात असते आणि परीक्षा संपली की ते प्रकरणही संपते. हाच प्रश्न ज्यांनी आयुष्यभर हाती धरला ते डॉक्टर नव्हेत, अभियंता आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी.मधील प्राध्यापक रॉबर्ट लँगर यांच्या कार्याचा हा अल्पसा परिचय आहे. मला त्याचे विशेष आकर्षण वाटण्याचे कारण असे की, त्याचा आरंभ मुलांच्या रुग्णालयात झाला आणि त्यातील आजही अपुरा राहिलेला एक महत्त्वाचा भाग मुलांविषयीच आहे.

लँगर यांचा जन्म १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठातून १९७० साली रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आणि १९७४ साली एम.आय.टी.मधून डॉक्टरेट असा त्यांचा सरळ शैक्षणिक प्रवास आहे. रासायनिक अभियंता म्हणजे काय, हे बडोदेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. कोयाळीची रिफायनरी, जीएसएफसी आणि पूर्वीची आयपीसीएल यांनी आपल्या कितीतरी घरांतील मुलांना पोसले. तेलसंकटाच्या त्या दिवसांत अमेरिकेतही तीच तऱ्हा होती. लँगर यांना तेल कंपन्यांकडून सुमारे वीस नोकऱ्या चालून आल्या, त्यांतील चार एकट्या एक्सॉनच्या. एका मुलाखतीत त्यांना सांगण्यात आले की अमुक एका रसायनाचे उत्पादन एक दशांश टक्क्याने जरी वाढवता आले तरी अब्जावधी डॉलरचा फायदा होईल. विमानाने घरी परतताना हे काम आपल्याला करावयाचे नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले. विद्यार्थिदशेत त्यांनी गरीब मुलांच्या एका शाळेत गणित-विज्ञान शिकवले होते. म्हणून अभ्यासक्रम तयार करण्याच्या कामासाठी त्यांनी चाळीसएक महाविद्यालयांकडे अर्ज धाडले. कोणीही घेतले नाही. मग वैद्यकीय क्षेत्रात प्रयत्न केला, तेथेही दाद लागेना. शेवटी प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याने सुचवले की बॉस्टनला फोकमन नावाचे एक शल्यचिकित्सक आहेत, ते कधीकधी चमत्कारिक माणसांना कामावर घेतात.

डॉ. ज्यूडा फोकमन हे बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात शल्यविभागाचे प्रमुख होते. कर्करोगाची गाठ वाढण्यासाठी स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्या रोखल्या तर गाठही रोखता येईल, असा विचार त्यांनी १९७१ साली मांडला. त्या काळी त्यावर विश्वास ठेवणारे थोडे आणि हसणारे फार. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा रक्तवाहिन्यांना अटकाव करणारे काही द्रव्य कूर्चेत असावे, असा त्यांचा तर्क होता. ते द्रव्य वेगळे काढण्याचे काम त्यांनी या सव्वीस वर्षांच्या अभियंत्यावर सोपवले. लँगर कत्तलखान्यातून गाईगुरांची हाडे आणीत, त्यांवरील कूर्चा खरवडून काढीत आणि त्यातून प्रथिने वेगळी करीत. त्या साऱ्या रुग्णालयात अभियंता असे ते एकटेच होते.

द्रव्य थोडेफार हाती लागले, पण ते खरोखर काम करते हे दाखवायचे कसे? प्रयोग सशाच्या डोळ्यावर करावयाचा होता. पारदर्शक पटलात स्वभावतः रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गाठीचा तुकडा तेथे ठेवला की तिच्याकडे धावणारी प्रत्येक नवी वाहिनी डोळ्यांनी मोजता येते. परंतु त्यासाठी ते कूर्चाद्रव्य कित्येक आठवडे थोडेथोडे पाझरत राहावयास हवे होते. लहान रेणू सिलिकॉन रबरातून हळूहळू पाझरतात, हे फोकमन यांनीच १९६४ साली दाखवले होते. गर्भनिरोधक नॉरप्लांटचे मूळ त्यातच आहे. कूर्चाद्रव्य मात्र प्रथिन, म्हणजे अगडबंब रेणू. असा रेणू घट्ट प्लास्टिकमधून पाझरणे म्हणजे माणसाने भिंतीतून चालत जाण्यासारखे आहे, असे त्या काळचे पॉलिमर रसायनतज्ज्ञ मानीत.

लँगर सांगतात की, हे न जमण्याच्या दोनशेएक रीती त्यांनी शोधून काढल्या! अखेर जी रीत साधली ती अशी: इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट हे साधे पॉलिमर द्रावकात विरघळवायचे, त्यात प्रथिनाची कोरडी पूड मिसळायची, ते मिश्रण अतिशीत साच्यात ओतून एकदम गोठवायचे आणि मग द्रावक हळूहळू उडू द्यायचा. जेथे प्रथिनाचे कण होते तेथे पोकळ्या राहतात आणि त्या एकमेकींना वाकड्यातिकड्या, अरुंद वाटांनी जोडलेल्या असतात. आपल्या मांडवीच्या जुन्या पोळांमध्ये सायंकाळी मोटार घेऊन शिरलेल्या माणसाला हे तत्त्व अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. बाहेर पडण्याची वाट असते. वेळ लागतो, इतकेच. प्रथिने अशा गोळीतून शंभर दिवसांहून अधिक काळ, आणि आपले कार्य शाबूत राखून, पाझरत राहिली. सशाच्या डोळ्यातील रक्तवाहिन्या थबकल्या. १९७६ साली कूर्चाद्रव्याचा निबंध ‘सायन्स’मध्ये आणि पॉलिमरचा ‘नेचर’मध्ये, असे दोन निबंध प्रसिद्ध झाले.

यापुढे सत्कार आणि हारतुरे यावेत अशी वाचकाची अपेक्षा असेल. घडले ते उलटेच. मिशिगनमधील पॉलिमरतज्ज्ञांच्या एका परिषदेत लँगर यांनी भाषण केले तेव्हा ज्येष्ठ मंडळी त्यांच्याभोवती जमून म्हणाली की, तुम्ही सांगितले त्यातील एका अक्षरावरही आमचा विश्वास बसत नाही. संशोधन-अनुदानासाठी केलेले पहिले नऊ अर्ज फेटाळले गेले. रासायनिक अभियंत्याला जीवशास्त्रातले आणि कर्करोगातले काय कळते, असा एकूण सूर. रासायनिक अभियांत्रिकीच्या विभागांना हे काम अभियांत्रिकीचे वाटेना, त्यामुळे १९७७ साली त्यांना एम.आय.टी.च्या पोषण व अन्नविज्ञान विभागात जागा मिळाली. ज्या विभागप्रमुखांनी त्यांना घेतले ते वर्षभरात गेले आणि उरलेल्या ज्येष्ठांपैकी काहींनी दुसरी नोकरी पाहावी असा सल्ला दिला. मला या हकिकतीत फोकमन फार मोठे वाटतात. ज्याला जीवशास्त्र येत नाही अशा माणसाला आपल्या प्रयोगशाळेत जागा देणे आणि दोनशे वेळा फसू देणे, हे कोणत्याही विभागप्रमुखाला सहजासहजी जमणारे नव्हे. आपल्याकडे किती बालविभागांत आजही एखादा अभियंता बसतो, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

या वाटेवरून पुढे जी औषधे आली त्यांपैकी एक आपण बालरोगतज्ज्ञ वापरतोच. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी वयात येऊ लागलेल्या मुलीला आपण ल्यूप्रोलाइडचे डेपो इंजेक्शन देतो. ते विघटनशील पॉलिमरच्या बारीक गोलकांत भरलेले असते आणि एका टोचणीत महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ पुरते. ते औषध लँगर यांनी तयार केलेले नाही. परंतु मोठे रेणू पॉलिमरमधून सावकाश सोडता येतात, हे आधी कोणी तरी दाखवावे लागते. त्यांच्या स्वतःच्या हातून आलेले औषध म्हणजे मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमासाठीच्या चकत्या. फोकमन यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी असलेले हेन्री ब्रेम पुढे मेंदूचे शल्यचिकित्सक झाले, आणि दोघांनी मिळून हे काम केले. येथे जुने पॉलिमर चालणारे नव्हते. आतून भुसभुशीत होऊन फुटणाऱ्या पॉलिमरने सारे औषध एकदम ओतले तर मेंदूत अनर्थ होईल. म्हणून अंघोळीच्या साबणासारखे फक्त बाहेरून झिजत जाणारे नवे पॉलिमर त्यांनी तयार केले, त्यात कारमस्टीन भरले, आणि गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत अशा जास्तीत जास्त आठ चकत्या बसवण्याची पद्धत बेतली. गाठ पुन्हा उद्भवलेल्या २२२ रुग्णांवरील चाचणीत मध्यक आयुष्य २३ आठवड्यांवरून ३१ आठवड्यांवर गेले. १९९६ साली अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता दिली. वीस वर्षांच्या श्रमांचे फळ आठ आठवडे! ज्याने अशा रुग्णाच्या घरच्यांशी कधी बोलणे केले आहे तो या आकड्याला हसणार नाही.

आता नॅनोकडे वळू. नॅनो म्हटले की आपल्या गुजरातेत पुष्कळांना साणंदची मोटार आठवते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपली लाल पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. चकती किंवा गोळी जेथे ठेवावी तेथेच राहते. रक्तातून हिंडून हव्या त्या ठिकाणी पोहोचायचे तर कण फार लहान हवेत आणि फार लहानही चालत नाहीत. सुमारे दहा नॅनोमीटरच्या आतले कण मूत्रपिंडे गाळून टाकतात, तर काहीशे नॅनोमीटरचे प्लीहेत अडकतात. मधल्या आकाराचे कण निभावतील म्हणावे, तर रक्तातील प्रथिने त्यांना चिकटून परकेपणाची खूण करतात आणि यकृतातील भक्षक पेशी काही मिनिटांत त्यांचा फडशा पाडतात. यावर १९९४ साली रक्सान्ड्रा ग्रेफ, लँगर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये जो उपाय मांडला तो असा की, विघटनशील पॉलिमरच्या नॅनोगोलकावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांचे दाट लव उगवायचे. बद्धकोष्ठाच्या मुलांना आपण जी पीईजीची पूड पाण्यातून देतो तिच्याच कुळातले हे द्रव्य! ते भोवती पाणी धरून ठेवते, प्रथिनांना चिकटू देत नाही, आणि कण बराच काळ रक्तात हिंडत राहतो. लायपोसोमवर असे आवरण इतरांनी आधी चढवले होते. पॉलिमरच्या नॅनोकणांची वाट या निबंधाने मोकळी केली.

ती वाट पुढे कोठवर गेली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अशाच कणात डोसिटॅक्सेल भरून आणि त्यावर गाठीला ओळखणारा रेणू बसवून लँगर व ओमिद फारोखझाद यांनी बाइंड नावाची कंपनी काढली. उंदरांत उत्तम निकाल आले, माणसांतील चाचण्याही सुरू झाल्या. परंतु निकाल अपेक्षेइतके निघाले नाहीत आणि २०१६ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी टोरंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतील प्राण्यांवरील अभ्यास एकत्र तपासून दाखवले की, टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के आहे. उरलेले बहुतांशी यकृत आणि प्लीहा यांच्या वाट्याला जातात. वृत्तपत्रांतून ‘कर्करोगावर नॅनो-क्षेपणास्त्र’ असे मथळे येतात तेव्हा मला हा आकडा आठवतो.

यश आले ते दुसऱ्याच बाजूने. २०१० साली लँगर मॉडर्ना या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. निरोप्या आर.एन.ए. हा फार नाजूक रेणू आहे. उघडा टोचला तर शरीरातील विकरे त्याचे क्षणात तुकडे करतात. त्याला चार प्रकारच्या मेदद्रव्यांच्या नॅनोकणात बांधतात. त्यांतील मुख्य मेदद्रव्याची खुबी अशी की, रक्ताच्या सामूवर ते विद्युतभाररहित असते आणि पेशीच्या आतील आम्ल पिशवीत धनभारित होऊन पिशवी फोडते, मग आर.एन.ए. पेशीद्रव्यात मोकळा होतो. हे श्रेय एकट्या लँगर यांचे नव्हे. मेदकणांचे मूळ काम कॅनडातील पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, आर.एन.ए.चे कॅटलिन कॅरिको व ड्रू वाइसमन यांचे, ज्यांना २०२३ सालचे नोबेल मिळाले. लँगर व त्यांचे सहकारी डॅनियल अँडरसन यांनी अशा मेदसदृश द्रव्यांचे शेकडो प्रकार बनवून पारखण्याची पद्धत २००८ साली दाखवली. डिसेंबर २०२० मध्ये कोविडची आर.एन.ए. लस आली तेव्हा हे सारे धागे एकत्र आले. आपल्याकडे पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने अशीच लस तयार केली. जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली आणि ती साध्या फ्रिजच्या तापमानात टिकते, हा मोठाच गुण. मात्र ती परवानगी अठरा वर्षांवरील प्रौढांसाठी होती. अमेरिकेत त्याच महिन्यात सहा महिन्यांच्या बालकांना आर.एन.ए. लस सुरू झाली होती. मुलांचा क्रम नेहमी शेवटी लागतो, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तसे होण्याला कारणे आहेत हे मान्य करूनही ते मला बोचते.

आता माझ्या रोजच्या कामाची गोष्ट. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, दीड वर्षाला बूस्टर हे वेळापत्रक आपणा सर्वांना पाठ आहे. पहिल्या टोचणीला आलेले मूल तिसऱ्याला येईलच असे नाही. आई मजुरीवर जाते, बांधकाम दुसऱ्या गावी हलते, किंवा पहिल्या टोचणीनंतर आलेला ताप आजीला आवडत नाही. लँगर यांच्या प्रयोगशाळेतील केव्हिन मॅकह्यू, आना जॅक्लेनेक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये नेमके याच दुखण्यावर काम मांडले. विघटनशील पॉलिमरचे सूक्ष्म पेले करायचे, त्यांत लस भरायची आणि वर झाकण बसवून ते सांधून टाकायचे. हे पेले नॅनो नव्हेत, चारशे मायक्रोमीटरच्या आसपासचे आहेत. सुईतून जाण्याइतके लहान. पॉलिमरच्या घटकांचे प्रमाण बदलले की पेला केव्हा फुटेल ते ठरवता येते. उंदरांत हे पेले सुमारे नवव्या, विसाव्या आणि एकेचाळिसाव्या दिवशी फुटले, मधल्या काळात गळले नाहीत. म्हणजे तिन्ही टोचण्या एका दिवशी देऊन मूल गावाला जाऊ शकेल. अडचण ही की, लस शरीराच्या ३७ अंश तापमानात महिनोन्‌महिने टिकली पाहिजे आणि पॉलिमर विरघळताना जे आम्ल तयार होते त्याने ती बिघडता कामा नये. फ्रिजमधील दोन ते आठ अंशांची काळजी घेण्यात आपले आयुष्य गेले; तेव्हा ही अडचण किती मोठी आहे ते आपणच जाणू.

याच गटाने डिसेंबर २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. ताम्रयुक्त क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे प्रकाशमान स्फटिक, पॉलिमरच्या कणांत बंद करून विरघळणाऱ्या सूक्ष्मसुयांच्या पट्टीतून लसीबरोबरच कातडीखाली सोडायचे. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण थोडा फेरफार केलेल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून अवरक्त प्रकाशात ठिपक्यांची नक्षी दिसते आणि कोणती लस दिली ते कळते. उंदीरवर्गीय प्राण्यांत ती नक्षी नऊ महिन्यांनंतरही वाचता आली, आणि सोबत दिलेल्या पोलिओच्या लसीचा परिणामही झाला. पुढच्याच वर्षी यावरून ‘लसीतून चिप बसवतात’ अशी अफवा जगभर उठली. माझ्याही दवाखान्यात एका सुशिक्षित पित्याने मला तसे विचारले. त्यात चिप नाही, कोणतीही माहिती कोठे पाठवली जात नाही, हे मी त्यांना समजावले. तरीही कोणाच्या मुलाच्या कातडीवर, त्याला कळण्याआधी, न पुसणारी नोंद करावी की नाही, हा प्रश्न अफवेपलीकडचा आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेने एकटीने देऊ नये असे मला वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतर दहा-बारा दिवसांनी नदीकाठच्या वस्तीतील एक बाई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आली. पदराआडून तिने लसीकरणाचे कार्ड काढले. कागद वाळला होता, पण शाई पार धुऊन गेली होती. एका कोपऱ्यात शिक्क्याचा निळा डाग तेवढा उरला होता. नोंद ऑनलाइन असेल म्हणून पाहिले, ती सापडली नाही. ‘तीन की दोन झाली, बेन?’ असे विचारले तर तिला नक्की आठवेना. सशाच्या डोळ्यातील त्या गोळीला पन्नास वर्षे होत आली, लँगर यांच्या नावावर हजाराहून अधिक शोधनिबंध आणि २०१५ सालचे क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पारितोषिक जमा झाले. परंतु पेल्यांतील लस आणि कातडीवरील नोंद यांपैकी एकही अजून या मुलाच्या दंडापर्यंत पोहोचलेली नाही. नियमाप्रमाणे ज्या लसीची नोंद नाही ती दिलेली नाही असे मानून मी पुन्हा आरंभापासून सुरुवात केली. नवे कार्ड बॉलपेनने भरले, पुढची तारीख मोठ्या अक्षरांत घातली, आणि कार्ड दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड चिकटपट्टीने बंद करून तिच्या हाती दिले.